हिवाळा आणि परसांतील कोंबड्या

दिवाळी सरते, रबीची ज्वारी गुडघ्याएवढी होते आणि पहांटेच्या वाऱ्यास धार चढूं लागते. अशा दिवसांत, ज्या घराच्या परसांत दहा-पांच कोंबड्या आहेत, त्या घरीं एक काम न चुकतां केलें जातें. तिन्हीसांजा झाल्या आणि कोंबड्या खुराड्यांत शिरल्या, कीं घरांतील कोणीतरी जुनें तरट, फाटकें गोणपाट आणि चिंध्यांचे बोळे घेऊन खुराड्याची एकूणएक फट बुजवून टाकतो. हेतु दयेचा असतो. मुक्या जिवांस थंडी वाजूं नये, एवढीच इच्छा त्यामागें असते. परंतु सकाळीं दार उघडावें, तों आंतून नाकास झोंबणारी उग्र वाफ बाहेर येते. एखाद्या कोंबडीचा घसा घरघरत असतो, दुसरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतें. “काय मेली थंडी पडली आहे!” असें म्हणून त्या रात्रीं आणखी एक पोतें खुराड्यावर चढतें.

येथें विचार करण्याजोगा प्रश्न असा, कीं या कोंबड्या थंडीनें आजारी पडल्या, कीं थंडीवर आपण योजिलेल्या उपायानें? या प्रश्नाचें उत्तर नीट समजलें, म्हणजे हिवाळ्यांतील कुक्कुटपालनाचा निम्मा धडा पाठ झाला असें समजावें.

हा विषय क्षुल्लक आहे असें कोणीं मानूं नये. परसांतील कोंबड्या ही पुष्कळ कुटुंबांत केवळ हौसेची बाब नसते. अंड्यांचे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हातीं राहतात, आणि मुलांच्या वह्या, घरांतील तेल-मीठ, अचानक आलेलें औषधपाणी हे खर्च त्यांतून भागतात. ऐन हिवाळ्यांत, म्हणजे अंड्यास भाव चांगला असतो त्याच दिवसांत, खुराडें ओस पडलें, तर त्या घरची एक लहानशी परंतु भरंवशाची मिळकत बुडते. मिशनऱ्यांच्या कार्यांतहि या उद्योगास जुनें स्थान आहे. उत्तर प्रदेशांतील एटा येथें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोंबड्यांचें एक केंद्र चालविलें होतें, तें गोरगरिबांस या जोडधंद्याचा आधार व्हावा याच हेतूनें. शिवाय खुराडें उघडण्या-लावण्याचें काम घरोघरीं बहुधा मुलांकडेच असतें. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांनीं स्वतः वाचावा आणि घरच्या वडील माणसांसहि वाचून दाखवावा.

कोंबडीचें अंगचें पांघरूण

कोंबडी हें मूळचें रानचें पांखरूं. आपल्या पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष जो तांबडा रानकोंबडा, तो आजहि हिमालयाच्या पायथ्याच्या, ईशान्येकडील आणि मध्य भारतांतील अरण्यांत आढळतो. आपल्या सह्याद्रींत त्याचा भाऊबंद करडा रानकोंबडा राहतो. हीं पांखरें रात्रीं झाडाच्या फांदीवर, उघड्या हवेंत झोंप घेतात. पौषांतल्या कडाक्याच्या रात्रीं त्यांच्यावर तरट पांघरावयास कोणी जात नाहीं. मग त्यांचा निभाव कसा लागतो?

त्याचें उत्तर त्यांच्या पिसांत आहे. माणसाच्या शरीराचें उष्णमान सुमारें ३७ अंश सेल्सिअस असतें, तर कोंबडीचें सुमारें ४१ अंश. ही ऊब बाहेर निसटूं नये म्हणून कोंबडी थंडींत पिसें फुलविते. फुललेल्या पिसांच्या थरांत हवा अडकून राहते, आणि अडकलेली कोरडी हवा उष्णतेस सहजासहजीं वाट देत नाहीं. आपली कापसाची रजई याच तत्त्वावर ऊब देते. कोंबडी झोंपतांना चोंच पंखांत खुपसते, एक पाय पोटाशीं घेते, आणि शेजारणीस अंग भिडवून बसते. या साऱ्या युक्त्या उघड्या भागांतून ऊब जाऊं नये यासाठीं असतात.

आतां आपल्याकडील थंडी ती किती? देशावर हिवाळ्यांत रात्रीचा पारा बहुधा १० अंशांच्या आगेंमागें असतो. नाशिक जिल्ह्यांतील निफाडकडे तो कांहीं वर्षीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं क्वचित् दंव गोठतें. कानडासारख्या देशांत पाणी आठवडेच्या आठवडे गोठलेलें असतें, आणि तेथें कोंबड्यांच्या तुऱ्याचीं टोकें हिमबाधेनें काळीं पडतात, हें खरें. परंतु तेथील अनुभवी पाळणारे देखील सांगतात, कीं ही बाधा दमट खुराड्यांत अधिक होते. आपल्या प्रांतांतील थंडी, कोंबडी प्रौढ, निरोगी, पोटभर खाल्लेली आणि कोरडी असेल तर, ती सहज सोसते. या चार विशेषणांपैकीं शेवटलें विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. भिजलेली रजई जशी ऊब देत नाहीं, तशींच ओलावलेलीं पिसेंहि निरुपयोगी होतात.

बंद खुराड्यांत रात्रभर काय घडतें

खुराड्याच्या सर्व फटी बुजविल्या, कीं आंत तीन गोष्टी सांचूं लागतात.

पहिली ओल. प्रत्येक श्वासाबरोबर कोंबडी वाफ बाहेर टाकते. पक्ष्यांस मूत्र आणि विष्ठा यांसाठीं निराळ्या वाटा नसतात, त्यामुळें त्यांच्या शिटेंतहि पाण्याचा अंश फार असतो. रात्रीं छपराचा पत्रा थंड पडतो. आंतली वाफ त्यास लागून तिचें पाणी होतें, आणि तें थेंबाथेंबानें खालीं, कोंबड्यांच्या पाठीवर आणि भुशावर पडतें. बाहेर आभाळ निरभ्र असतांना आंत जणूं पाऊस पडत असतो.

दुसरी गोष्ट विषारी वायु. शिटेंतील पांढरा भाग यूरिक आम्लाचा असतो. ओलीमध्यें सूक्ष्म जंतु त्याचें विघटन करतात आणि त्यापासून अमोनिया वायु निघतो. सकाळीं नाकास झोंबते ती हीच वाफ. कोंबडीच्या श्वासनळीच्या आंत अतिसूक्ष्म केंसांसारखे तंतु असतात. ते सतत हालत राहून धूळ आणि जंतु बाहेर लोटतात. अमोनियानें हे तंतु निकामी होतात, डोळे चुरचुरतात, आणि घराचा पहारेकरी झोंपला असतां चोर शिरावा, त्याप्रमाणें रोगजंतु छातींत शिरतात. म्हणजे घरघर लागते ती थंडीमुळें नव्हे. थंडी केवळ त्या रात्रीं हजर असते, आणि आळ तिच्यावर येतो.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष धोक्याची. कित्येक लोक खुराड्यांत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. कोंडलेल्या जागेंत कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावून बसतो. एका रात्रींत सगळें खुराडें निपचित पडावें, एवढें सामर्थ्य त्यांत आहे. आणि भुशास ठिणगी लागली, तर खुराडेंच काय, शेजारचा गोठाहि जाऊं शकतो. याच कारणास्तव माणसांनींहि दार-खिडक्या लावून शेगडीजवळ झोंपणें अत्यंत धोक्याचें आहे. कोंबड्यांच्या निमित्तानें हा नियम घरांतील सर्वांनीं शिकून ठेवावा.

वारा आणि हवा यांतील भेद

यावर कोणी विचारील, “मग काय खुराडें उघडें टाकावें?” तसें नव्हे. अंगावर येणारा वाऱ्याचा झोत निराळा आणि डोक्यावरून वाहणारी मोकळी हवा निराळी. झोत फुललेल्या पिसांतील उबदार हवा उडवून लावतो, म्हणून तो टाळावा. हवा मात्र आंतील वाफ व अमोनिया बाहेर नेते, म्हणून तिला वाट ठेवावी. हा भेद ज्यास कळला, त्याचें खुराडें सुधारलें.

हिवाळ्यांत देशावर वारा बहुधा उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो. या दोन बाजूंस, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर वीतभर उंचीपर्यंत, तरट, तट्ट्या किंवा फळ्या लावून आडोसा करावा. त्याच्या वर, छपराच्या लगत, चार-सहा बोटें रुंदीची फट मोकळी सोडून तीवर बारीक जाळी मारावी. जाळी नसल्यास मुंगूस आणि बोका यांस आयतेंच आमंत्रण मिळतें. दक्षिणेची बाजू शक्यतों जाळीची असावी. कारण हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून कलता फिरतो आणि त्याचें ऊन त्या बाजूनें खुराड्यांत दूरवर शिरतें. या बाजूस रात्रीं सोडावयाचा पडदा बांधावा, पण तोहि छपरास भिडवूं नये, आणि सूर्योदयाबरोबर गुंडाळून वर करावा. तरट भिजलें असेल, तर तें उन्हांत वाळविल्यावांचून पुन्हां लावूं नये.

जागेची दाटी हें ओलीचें दुसरें कारण. दर कोंबडीमागें आंत निदान दीड ते दोन चौरस फूट जमीन आणि दांडीवर वीतभर जागा असावी. दांडी लांकडाची, दोन इंच रुंद आणि कडा गोल केलेली असावी. लोखंडी नळी पायांतील ऊब ओढून घेते. जमिनीवर भाताचें तूस, लांकडाचा भुसा किंवा बारीक कुटार यांचा चार ते सहा इंच जाडीचा थर पसरावा आणि तो दर दोन-तीन दिवसांनीं पंजानें वरखालीं करावा.

येथें विद्यार्थ्यांस दोन सोपे प्रयोग सांगतों. पहिला मुठीचा. भुशाची एक मूठ घट्ट दाबावी आणि सोडावी. भुसा भुरभुर सुटला, तर तो कोरडा; त्याचा गोळा झाला, तर तो ओला, आणि तेवढा भाग काढून नवा घालावा. प्रयोगानंतर हात साबणानें धुवावे. दुसरा पिसाचा. एका दोऱ्यास हलकें पीस बांधून सायंकाळीं तें दांडीच्या उंचीवर टांगावें. तेथें पीस जोरानें हालूं लागलें, तर झोत येतो आहे. वरच्या फटीपाशीं तें मंद हाललें, तर हवा खेळते आहे. या प्रयोगांस कवडीचा खर्च नाहीं, आणि त्यांनीं जें कळतें, तें नुसत्या अंदाजानें कळत नाहीं.

अंडीं कां घटतात

हिवाळ्यांत कोंबड्या अंडीं देईनाशा होतात, याचाहि दोष थंडीवर टाकण्याची रीत आहे. वस्तुतः यांत मुख्य भाग उजेडाचा आहे. पुण्यास डिसेंबरच्या २१-२२ तारखेस दिवस सुमारें ११ तासांचा असतो. जूनमध्यें तो सव्वातेरा तासांच्या आसपास जातो. कोंबडीच्या मेंदूंत उजेड ओळखणारा एक भाग आहे, आणि उजेड तेथें केवळ डोळ्यांवाटे नव्हे, तर कवटींतून झिरपूनहि पोंचतो. दिवस मोठा आहे अशी खूण पटली, म्हणजे अंडीं तयार होण्यास लागणारे शरीरांतील रस सुटतात; दिवस आंखडला, कीं ते मंदावतात. रानांतील पांखराच्या दृष्टीनें यांत शहाणपण आहे. दिवस लहान असतांना पिलांस चारा वेंचावयास वेळ अपुरा पडतो, तेव्हां त्या ऋतूंत पिलें नकोतच.

व्यापारी कुक्कुटपालक विजेच्या दिव्यानें दिवस १४ ते १६ तासांचा करतात. परसांत असें करावयाचें झाल्यास एक मंद दिवा पुरे. मात्र तो पहांटे लावावा. रात्रीं दिवा एकदम मालवला, तर कोंबड्या दांडीवर चढण्यापूर्वींच अंधारांत अडकतात. रात्रभर दिवा ठेवणें मात्र अयोग्य आहे, कारण कोंबडीसहि झोंप लागते. आणि दिवा न लावतां तिला या ऋतूंत विसावा दिला, तरी कांहीं बिघडत नाहीं.

दुसरें कारण पिसांची गळ. वर्षांतून एकदां, बहुधा दिवस लहान होऊं लागले म्हणजे, प्रौढ कोंबडी जुनीं पिसें टाकून नवीं घेते. पिसें हीं बहुतेक सर्व प्रथिनांचींच बनलेलीं असतात. अंगांतील प्रथिन पिसांकडे गेलें, म्हणजे अंड्यांस उरत नाहीं. अशी बोडकी, उदास दिसणारी कोंबडी रोगी आहे असें समजून कित्येक लोक ती मातीमोल विकतात. त्यांनीं एवढेंच करावें, कीं तिला भुईमुगाची पेंड, थोडी सुकट, अशा प्रथिनयुक्त पदार्थांची जोड द्यावी आणि कांहीं आठवडे वाट पाहावी. नवीं पिसें आलीं, दिवस वाढूं लागला, कीं संक्रांतीच्या पुढें ती पुन्हां अंडीं देऊं लागते. पिसें गळत असतांना मात्र तिचें पांघरूण विरळ झालेलें असतें. अशा कोंबडीस झोतापासून विशेष जपावें.

दाणा आणि पाणी

कोंबडीच्या पोटांतील दाणा हीच तिची शेगडी. अंडीं देणारी जातिवंत कोंबडी दिवसास सुमारें ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. देशी कोंबडीस अंग लहान असल्यामुळें कमी लागतें, पण थंडी वाढली म्हणजे दोघींचीहि भूक वाढते. त्या दिवसांत परसांत किडा-मुंगी व कोंवळें गवत कमी मिळतें, म्हणजे गरज वाढते आणि उकिरड्यावरची कमाई घटते. ही तूट घरानें भरून काढली पाहिजे. सूर्यास्तापूर्वीं तासभर ज्वारी, बाजरी किंवा भरडलेला मका मूठभर टाकावा. दाणा गळ्याखालच्या पिशवींत सांठून रात्रभर हळूहळू पचतो, आणि पचतांना ऊब देतो. रात्रीं खुराडें लावतांना ही पिशवी बोटांनीं चांचपून पाहावी; ती भरलेली लागली, म्हणजे त्या कोंबडीची रात्र सुखाची जाईल.

पेंडीविषयीं एक सावधगिरी आवश्यक आहे. बुरशी आलेली, कुबट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. १९६० मध्यें इंग्लंडांत टर्की जातीचे लाखावर पक्षी अल्पावधींत मेले. शोध घेतां, त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीपासून झालेलें विष होतें असें आढळलें. या विषास अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें. ओलसर जागीं ठेवलेल्या पेंडींत तें कोठेंहि उत्पन्न होऊं शकतें. येथेंहि शत्रु थंडी नसून ओलच आहे, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

पाण्याकडे हिवाळ्यांत हटकून दुर्लक्ष होतें. अंड्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो, आणि कोंबडी दाण्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते. रात्रभर उघड्यावर राहिलेलें गार पाणी ती नाखुशीनें पिते. पाणी कमी, कीं दाणा कमी, आणि दाणा कमी, कीं ऊब कमी. म्हणून सकाळीं भांडें घांसून त्यांत ताजें किंवा किंचित् कोंबट पाणी भरावें. तें खुराड्यांत सांडेल असें ठेवूं नये. लसूणघास किंवा मेथीचीं पानें टांगून ठेवावीं, आणि कवचास बळकटी यावी म्हणून शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत द्यावा. एका कोंपऱ्यांत राख व कोरडी माती यांचें अंघोळीचें स्थान करून दिलें, तर उवा-पिसवांचा त्रासहि कमी होतो.

पिलांची ऊब

आतांपर्यंत सांगितलें तें प्रौढ कोंबड्यांविषयीं. पिलांची गोष्ट निराळी. एकवीस दिवसांनीं अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलाच्या अंगावर नुसती लव असते. त्यास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. थंडी जर कोणास खरोखर मारीत असेल, तर ती पिलांस. पहिल्या आठवड्यांत त्यांच्याजवळ सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढें दर आठवड्यास ती सुमारें ३ अंशांनीं कमी करीत न्यावी. खुडूक कोंबडी हें सर्व उष्णमापकावांचून करते. कोंबडी नसल्यास विजेचा दिवा योग्य उंचीवर, पक्क्या तारेनें टांगावा.

ऊब पुरेशी आहे कीं नाहीं, हें पिलेंच सांगतात. तीं दिव्याखालीं गोळा होऊन चिवचिवाट करूं लागलीं, तर त्यांस थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर पळून चोंच उघडून धापा टाकूं लागलीं, तर उष्णता फार झाली. एकाच कडेस दडलीं, तर दुसऱ्या कडेनें वारा येतो आहे. आणि सर्वत्र विखरून खाऊं-पिऊं लागलीं, तर सारें यथास्थित आहे.

प्रभु येशूनें यरुशलेमेविषयीं शोक करतांना, पंखांखालीं पिलें एकवटणाऱ्या कोंबडीची उपमा घेतली, हें शुभवर्तमानांत आपण वाचतों. त्या उपमेंतील कोंबडी नीट न्याहाळावी. ती पिलांस पेटींत बंद करीत नाहीं. ऊब हवी तेव्हां पंख आहेतच. हवा, उजेड आणि चारा हवा तेव्हां बाहेर पडण्यास वाट मोकळी आहे. ऊब एका ठिकाणीं, आणि मोकळी हवा सभोंवार, हीच रचना आपण दिव्याच्या जागींहि करावी.

रोग आणि त्यांची वाट

हिवाळ्यापूर्वीं करण्याचें सर्वांत महत्त्वाचें काम म्हणजे लस टोंचविणें. यांत मुख्य रोग राणीखेत. हा १९२६ मध्यें जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें, आणि १९२८ च्या सुमारास कुमाऊंमधील राणीखेत येथें ओळखला गेला. त्या गांवावरून आपल्याकडे त्यास हें नांव पडलें. श्वास लागणें, हिरवट पातळ शिट, मान वांकडी होणें, पाय-पंख लुळे पडणें हीं त्याचीं लक्षणें. रोग जडल्यावर त्यावर औषध नाहीं. लस हाच उपाय. पुण्यास १८८९ मध्यें स्थापन होऊन १८९३ मध्यें कुमाऊंतील मुक्तेश्वरीं गेलेल्या संशोधनसंस्थेचें नांव राणीखेतवरील लशीच्या एका वाणास मिळालें आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. दुसरा रोग देवी. त्यांत तुऱ्यावर आणि डोळ्यांभोंवतीं खपल्या धरतात. तो डांसांवाटेहि पसरतो, म्हणून खुराड्याभोंवतीं पाणी सांचूं देऊं नये. कोणत्या वयांत कोणती लस द्यावी, हें जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून घ्यावें.

आजारी कोंबडी तत्काळ निराळी ठेवावी, आणि बाजारांतून आणलेली नवी कोंबडी निदान पंधरा दिवस जुन्यांत मिसळूं नये. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न फेंकतां खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. हा नियम एकट्या-दुकट्या मृत्यूचा. एकाएकीं पुष्कळ कोंबड्या मरूं लागल्या, तर मात्र त्यांस हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. भारतांत बर्ड फ्लूची साथ प्रथम उघडकीस आली ती फेब्रुवारी २००६ मध्यें आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें, आणि त्या वेळीं तेथील असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. स्थलांतर करणारे पाणपक्षी हिवाळ्यांतच आपल्याकडे येतात, म्हणून या ऋतूंत तळ्याकांठीं कोंबड्या चरावयास सोडूं नयेत. नुकसान लपविण्यासाठीं मेलेल्या कोंबड्या गुपचूप विकणें, हें शेजाऱ्यांच्या जिवाशीं खेळणें आहे.

सारांश

वरील विवेचनाचें तात्पर्य असें. दसरा झाला, कीं खुराडें रिकामें करून चुन्याची सफेदी द्यावी, भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्या, लस टोंचवावी आणि नवा भुसा भरावा. दिवाळीनंतर झोताच्या बाजूस आडोसा करावा, परंतु वरची फट कधींहि बुजवूं नये. सायंकाळीं दाणा, सकाळीं ताजें पाणी, दिवसा ऊन आणि कोरडी जमीन एवढें ज्या कोंबडीस मिळालें, तिला थंडीचें भय उरलें नाहीं.

या लहानशा विषयांत एक मोठी शिकवण आहे. आपणांस थंडी वाजते म्हणून कोंबडीसहि तशीच वाजत असेल, अशा समजुतीनें आपण तिचा श्वास कोंडतों. दया करावयाची, तर जिच्यावर ती करावयाची तिच्या प्रकृतीची आधीं ओळख करून घ्यावी लागते. ओळखीवांचून केलेली दया पुष्कळदां पीडाच ठरते. ज्या विद्यार्थ्याच्या घरीं कोंबड्या असतील, त्यानें आजच तिन्हीसांजेस एक पीस दोऱ्यास बांधून खुराड्यापाशीं जावें. वरच्या फटींत बोळे कोंबलेले असतील तर ते काढावे, आणि सकाळीं दार उघडतांना पहिला श्वास घेऊन पाहावा. हवा शुद्ध लागली, तर आंतील कोंबड्यांची रात्र चांगली गेली असें खुशाल समजावें.